सावड

२०२४ च्या गणपतीत आम्ही चौघं बारावीनंतर पहिल्यांदा एकदम भेटलो. एक मँचेस्टरहून आला होता, एक दुबईहून, मी पुण्याहून. चौथा कराडातच असतो, त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. प्रीतिसंगमावर रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. शाळा, मास्तर, कोण कुठं गेलं, हे सगळं झाल्यावर मँचेस्टरवाला म्हणाला, "रूनस्केप आठवतंय का रे?"

आठवतंय का म्हणजे काय! २००६-०७ साली अकरावी-बारावीला स्टँडजवळच्या नेट कॅफेत आमची दुपार जायची ती त्यातच. मिनिक्लिप नावाच्या गेमच्या साइटवर काहीतरी शोधताना एकाला तो गेम सापडला होता. काही उतरवून घ्यायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, ब्राउझरमध्ये जावा चालू असलं की झालं. एक पट्टी हळूहळू भरायची आणि मग ७६५ बाय ५०३ पिक्सेलच्या चौकटीत लंब्रिज नावाच्या गावाचा किल्ला दिसायचा. तासाला पंधरा रुपये. आम्ही मराठी माध्यमाची पोरं. ऐरणीला अॅन्व्हिल म्हणतात, भट्टीला फर्नेस आणि जवसाला फ्लॅक्स, हे मला त्या चौकटीनं शिकवलं. ज्या जवसाची आई चटणी करायची त्याच झाडाच्या वाखापासून धनुष्याची दोरी वळता येते, हे कळल्यावर मला किती भारी वाटलं होतं ते आजही आठवतं.

घाटावर जो तो आपापलं जुनं नाव सांगायला लागला. गेममधलं नाव, किती लेव्हल होती, कुणाचं चिलखत कुणी फसवून नेलं. मी चौथ्याकडे वळून विचारलं, "तुझं नाव काय होतं रे?"

तो म्हणाला, "माझं नव्हतं."

"म्हणजे विसरलास?"

"नव्हतंच. मी कुठं खेळत होतो? मी मागं बसायचो."

आम्ही तिघंही गप्प झालो. कारण आमच्या तिघांच्याही आठवणीत तो खेळत होता. चौघं कॅफेत जायचो, चौघं बोलायचो, "तिकडं जाऊ नको, विंचू आहेत" असं ओरडायचा तो तोच असायचा. पण खुर्च्या तीन होत्या. त्याच्याकडे तासाचे पंधरा रुपये नसायचे. कॅफेवाला मागं कुणाला उभं राहू द्यायचा नाही, याला मात्र स्टूल द्यायचा, कारण यूपीएसची वायर सुटली की हा जोडून द्यायचा. दोन वर्षं तो आमच्या खांद्यांवरून बघत होता आणि सतरा वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. मला त्या रात्री झोप लागली नाही. मित्राचे पंधरा रुपये भरायला हवे होते, हे कळायला पस्तिशी यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मीच ग्रुपवर लिहिलं, परत खेळायचं का? चौघांनी.

जुना गेम अजून आहे का, असा पहिला प्रश्न. आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रूनस्केप केंब्रिजच्या जेगेक्सनं जानेवारी २००१ मध्ये सुरू केला. आम्ही खेळायचो ती दुसरी आवृत्ती, २००४ ची. २००७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी वाइल्डरनेस नावाच्या रानातल्या खेळणाऱ्यांच्या आपसातल्या मारामाऱ्या बंद केल्या, पुढच्याच महिन्यात एकमेकांना हवं ते हव्या त्या किमतीला देण्याघेण्यावरही मर्यादा आणल्या. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर आणि गेममधल्या वस्तू खऱ्या पैशांत विकण्याच्या बाजारावर तो उपाय होता, पण जुनी माणसं दुखावली आणि पुष्कळ सोडून गेली. पुढं गेम बदलत बदलत ओळखू न येण्याइतका बदलला. मग ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत कंपनीकडे जपून राहिलेली निघाली. ती परत सुरू करायची का, यावर २०१३ च्या फेब्रुवारीत खेळणाऱ्यांचं मत घेतलं. चार लाखांहून जास्त मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ ला ते २००७ चं जग ओल्ड स्कूल रूनस्केप म्हणून पुन्हा उघडलं. तेव्हापासून त्यात नवं काही घालायचं झालं की बहुतेक वेळा आधी मत घेतात. पूर्वी पंचाहत्तर टक्के लागायचे, आता सत्तर लागतात. खेळणाऱ्यांचा शब्द इतका मानणारे गेम मी फार पाहिले नाहीत.

जग परत आलं, माणसं मात्र नाहीत. त्या प्रतीतली जुनी पात्रं नव्या जागी आणली नव्हती. ज्याला यायचं त्यानं शून्यापासून यायचं. माझं जुनं खातं ज्या ईमेलवर होतं तो ईमेलच आता नाही. मँचेस्टरवाला थोडा हळहळला, त्याची मायनिंग ६० च्या वर होती. मला मात्र बरं वाटलं. तिघं पुढं आणि एक मागं, असं पुन्हा होणार नव्हतं.

साधं खेळायचं की ग्रुप आयर्नमॅन, यावर दोन दिवस चर्चा चालली. ग्रुप आयर्नमॅन हा प्रकार २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आला. दोन ते पाच जणांचा गट. गटाबाहेरच्या कुणा खेळणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, ग्रँड एक्स्चेंज नावाचा जो मोठा बाजार आहे तिथं विकत आणायचं नाही. जे लागेल ते स्वतः खणायचं, तोडायचं, पकडायचं, शिजवायचं, नाहीतर गटातल्या माणसाकडून घ्यायचं. गटाची एक सामाईक कोठी असते. दुबईवाल्याला हे नको होतं. "आठवड्यातून दोन तास मिळतात, त्यात मी तांबं खणत बसू?" कराडवाल्यानं एकच सांगितलं, "विकत घ्यायचं असेल तर मग मी बघतोच की मागं बसून." विषय संपला.

ट्युटोरियल आयलंड म्हणजे नव्या माणसाला चालायला शिकवणारं बेट. लाकूड तोड, आग पेटव, कोळंबी भाज, उंदीर मार. ते संपवून चौघं नोड नावाच्या जागी उभे राहिलो. गट तिथं बांधायचा असतो. गटाला नाव हवं होतं. कामं वाटून घेणार होतो, म्हणून मी उत्साहानं सुचवलं, "बलुतेदार ठेवू."

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कराडवाला शांतपणे म्हणाला, "ते नको. माझ्या आज्ज्यानं बलुतं सोडायचं म्हणून गाव सोडलं होतं."

मी लगेच माफी मागितली. लहानपणी पुस्तकात बारा बलुतेदारांची गोल चित्रं पाहिलेली, त्यात लोहार आनंदात, सुतार आनंदात. कुणाला काम निवडायची मुभा नव्हती, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं. मँचेस्टरवाल्यानं मग शब्द काढला, सावड. त्याच्या गावाकडे भांगलणीला अजून सावड असते. आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही, दिवसाला दिवस फेडायचा. कराडवाला म्हणाला, "हां, हे चालेल." गटाचं नाव सावड पडलं, आणि कुणी कुठलं काम करायचं हे ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं असं ठरलं.

मँचेस्टरवाल्यानं खाण आणि ऐरण मागितली. मी लाकूड घेतलं. दुबईवाल्याला लढायचं होतं, म्हणजे कातडी, हाडं, पिसं त्याच्याकडून यायची. आणि कराडवाला म्हणाला, "मासे. फोनवर जमतील, गिऱ्हाईक आलं की ठेवता येतो." हा गेम २०१८ पासून फोनवरही चालतो, खातं तेच, जग तेच. आमची वेळ ठरली रविवारी रात्री साडेनऊ. तेव्हा दुबईत आठ वाजलेले असतात आणि मँचेस्टरला उन्हाळी वेळेप्रमाणे संध्याकाळचे पाच. एकमेकांचा आवाज यावा म्हणून फोनवर ग्रुप कॉल लावायचो.

पहिले तीन-चार रविवार जे झालं ते लिहून दाखवण्यासारखं काही नाही. स्वयंपाक्याला केक करायला अंडं, दूध आणि पीठ नेऊन द्यायचं, गायी मारायच्या, झाडं तोडायची. पण मला त्याच दिवसांची गोडी जास्त लागली. हात एका साध्या कामात गुंतलेले असले की माणूस मोकळा बोलतो. आजी शेंगा फोडायला बसली की आयाबाया येऊन बसायच्या, तसं. झाडावर टिचकी मारली की पात्र आपलं आपण कुऱ्हाड चालवतं, झाड पडलं की पुढचं. मधल्या वेळात दुबईवाल्यानं वडिलांच्या डायलिसिसचं सांगितलं. हे त्यानं घाटावर समोरासमोर बसून सांगितलं नव्हतं.

हा गेम भारतातून नीट खेळता का येतो, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. त्याचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एक ठोका मोजतो. तुमची टिचकी त्या ठोक्याच्या आत पोचली की बस. पुण्याहून इंग्लंडच्या सर्व्हरला माझा निरोप पोचून उत्तर यायला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका ठोक्याचा पाव भाग. २००७ साली कॅफेतल्या दहा मशीनवर एकच लाइन वाटलेली असायची, आणि तरी आम्ही केंब्रिजच्या पोरांबरोबर एकाच नदीवर मासे धरत होतो, ते या सावकाश ठोक्यामुळे. नेमबाजीचे गेम त्या लाइनवर नुसते अडकायचे.

कराडवाल्याचं मला नवल वाटत राहिलं. त्यानं कधी एक टिचकीसुद्धा मारली नव्हती, आणि त्याला आमच्या तिघांहून जास्त येत होतं. बार्बेरियन व्हिलेजच्या नदीत ट्राउट धरायला २० लेव्हल आणि माशागणिक एक पीस लागतं, म्हणून आधी कोंबड्या. तिथल्याच तळघरात, स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटीत, पहिल्या तीन मजल्यांवर मिळून दहा हजार नाणी मिळतात आणि दरवाजे पासवर्डबद्दल प्रश्न विचारतात. सगळं तोंडपाठ. आम्ही तिघं शोधत बसायच्या आत तो सांगायचा. एकदा मी विचारलं, इतकं कसं लक्षात राहिलं? तो म्हणाला, "तुमचं लक्ष एका जागी असायचं. मला तिघांचे पडदे दिसायचे."

त्याच्या धंद्याचंही मधे मधे यायचं. गेममध्ये एक तांबं आणि एक कथील वितळवलं की ब्राँझ होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणारा माणूस तो, लगेच म्हणाला, "निम्मं कथील? एवढ्यानं तुकडे पडतील. दहा-बारा टक्के असतं." मँचेस्टरच्या लोहारानं ते निमूट ऐकून घेतलं. मग त्या दोघांचं धातूंवर अर्धा तास चाललं.

नोव्हेंबरात भांडण झालं. तेही सांगितलं पाहिजे.

कराडवाला तोवर लॉबस्टरपर्यंत पोचला होता. फिशिंग ४०. लॉबस्टर करामजा बेटावर मिळतात. पोर्ट सरीमहून होडीनं जायला ३० नाणी, यायला ३०. तिथं जवळपास बँक नाही. आपल्या पिशवीत २८ घरं. एकात पिंजरा, एकात परतीची नाणी, म्हणजे एका खेपेला २६ लॉबस्टर. ते आणायचे, शिजवायचे, त्यात काही करपतात, उरलेले कोठीत ठेवायचे. दुकानात कॉइल भरता भरता, डब्याच्या वेळेला, रात्री शटर ओढल्यावर, असं करून त्यानं आठवड्याभरात दोनशेच्या वर शिजवलेले लॉबस्टर कोठीत लावले होते. रविवारी उघडून बघतो तर अकरा. दुबईवाल्यानं शनिवारी सुट्टी होती म्हणून एका बैठकीत राक्षस मारता मारता, गेलेलं आयुष्य भरून काढायला, बाकीचे खाल्ले होते.

कराडवाला काहीच बोलला नाही. आवाज चढवला तो मँचेस्टरवाल्यानं. दुबईवाला म्हणाला, "कोठी सगळ्यांची आहे ना? आणि तीन लेव्हल वाढवल्या त्या गटासाठीच ना?" त्याचंही खोटं नव्हतं. पण मला वाटलं, हे आपण आधी केलंय. एकाच्या जिवावर तिघांचा खेळ, आणि तो एक गप्प. मी तसं बोलून टाकलं. त्यावर दुबईवाला बराच वेळ शांत राहिला. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर त्यानं रात्रभर नाही, पण बराच वेळ करामजावर काढलेला दिसत होता. त्याची फिशिंग जेमतेम होती, लॉबस्टर धरता येत नव्हते. त्यानं तिथले छोटे मासे धरून कोठी भरली होती. खायला त्याचा काही उपयोग नव्हता. कराडवाल्यानं ते सगळे शिजवले, एकही टाकला नाही.

तेव्हापासून खरी सावड सुरू झाली. एक रविवार एकाचा. त्या दिवशी चौघांनी त्याचंच काम करायचं. माझ्या रविवारी तिघं माझ्याबरोबर विलोची झाडं तोडत होते, ड्रेनॉरच्या पाण्याकाठी, चार कुऱ्हाडी एका सुरात. कोठी एका वेळी एकालाच उघडता येते, त्यामुळे बँकेसमोर सारखं "बाहेर ये रे, मला ठेवायचंय" चालायचं. लोहाराच्या रविवारी आम्ही कोळसा खणला. या गेममध्ये लेव्हलचं गणित असं आहे की दर सात लेव्हलना लागणारा अनुभव साधारण दुप्पट होतो. ९९ ला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि त्याचं निम्मं ९२ ला भरतं. आमच्यापैकी कुणीही ९९ च्या जवळपास जाणार नाही. आम्हाला जायचं होतं ते ड्रॅगन स्लेयरला.

ड्रॅगन स्लेयर ही २००१ पासूनची क्वेस्ट, म्हणजे मोहीम. क्रँडॉर बेटावरची एल्व्हार्ग नावाची ड्रॅगन मारायची, मग रून धातूचं चिलखत अंगावर चढवायची परवानगी मिळते. २००७ साली मी तिच्यापर्यंत पोचलो होतो. दिवाळीनंतरची दुपार होती आणि भारनियमनाची वेळ बदललेली. ड्रॅगनचं आयुष्य अर्ध्यावर आलं आणि कॅफेतली वीज गेली. इन्व्हर्टर दोन मिनिटं टिकला. नेट तुटलं तरी पात्र थोडा वेळ तिथंच उभं असतं, मार खात. लाइट आल्यावर बघितलं तर मी मरून लंब्रिजला, अंगावर काही नाही. मेलं की तीन वस्तू राहायच्या, बाकी जायच्या. मग बारावीचं वर्ष म्हणून घरच्यांनी कॅफे बंद केला.

तिची तयारी चौघांची एकदम करायची म्हणजे मोठं काम. ३२ क्वेस्ट पॉइंट आधी जमवायचे. बेटाच्या वाटेच्या नकाशाचे तीन तुकडे. त्यातल्या एकासाठी बुटक्यांच्या खाणीतल्या दरवाजाला चार वस्तू लागतात: कुंभाराच्या चाकावरून उतरवलेली पण न भाजलेली वाटी, रेशीम, लॉबस्टरचा पिंजरा आणि फालाडॉरच्या गुत्त्यात मिळणारी मांत्रिकाची दारू. प्रत्येकाच्या चार, एकूण सोळा. वाट्या मी केल्या. त्यातल्या दोन सवयीनं भट्टीत घातल्या आणि पुन्हा कराव्या लागल्या. दुसऱ्या तुकड्यासाठी मेल्झारच्या चक्रव्यूहात शिरायचं, तिथं रंगीत किल्ल्या. उंदीर, भूत, सांगाडा, झोंबी, मग स्वतः मेल्झार, शेवटी राक्षस. एकेकाकडून एकेक रंग. कराडवाल्यानं आम्हाला कॉलवरून असं नेलं की मी एकदाही चुकीचं दार उघडलं नाही.

जहाज मात्र दोन हजार नाण्यांना विकत घ्यायचं आणि ते फुटकं निघतं. भोक बुजवायला तीन फळ्या आणि ९० पोलादी खिळे. चौघांची चार जहाजं. बारा फळ्या माझ्याकडे लागल्या. ओंडके वॅरॉकबाहेरच्या करवतीच्या गिरणीत नेऊन कापून आणले, फळीला शंभर नाणी. खिळे ३६०. एका पोलादी कांबीचे १५ खिळे होतात, म्हणजे २४ कांबी, म्हणजे २४ लोखंड आणि ४८ कोळसा. मँचेस्टरवाला एरवी ऑफिसात आकडेच मोडत असतो, पण हा हिशेब त्यानं ज्या आनंदानं सांगितला तो काही वेगळाच. रविवारी वॅरॉकच्या ऐरणीवर तो ठोकत बसला आणि आम्ही तिघं शेजारी नुसते उभे राहिलो.

ड्रॅगनशी ज्यानं त्यानं आपापलं लढायचं असतं. पहिला गेला दुबईवाला, अर्थात. निघताना कराडवाल्यानं त्याला बजावलं, "बेटाच्या खालच्या गुहेतून करामजाकडे एक चोरवाट निघते. भिंतीत दार आहे. ते आधी आतून उघडून ये, मग ड्रॅगनकडं जा. मेलास तरी मग चालत परत येता येतं."

हे मलाच माहीत नव्हतं. २००७ साली मी ते उघडलं नव्हतं. मी त्याला विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, गप बस, मध्ये बोलू नको."

मला ते आठवत नाही. पण मी तसं बोललो असणार.

दुबईवाला घाईत दार न उघडताच गेला आणि मेला. जहाज तर बेटावर पोचतानाच ड्रॅगन जाळते. परत जायचं तर पुन्हा तीन फळ्या, पुन्हा ९० खिळे. लोहारानं सहा कांबी काढल्या आणि ठोकायला लागला, एक शब्द बोलला नाही. पुढच्या रविवारी दुबईवाल्यानं आधी दार उघडलं आणि मग मारली. त्यानंतर मँचेस्टरवाल्यानं. मग मी. माझी लढाई लिहिण्याइतकी मोठी नाही: लंब्रिजच्या ड्यूककडून मिळणारी आगीपासून वाचवणारी ढाल, अल खरीदच्या दुकानातली मिथ्रिलची वाकडी तलवार, पिशवीभर लॉबस्टर. आठ खाल्ले. ती पडली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि बायको दारात येऊन बघून गेली.

कराडवाला सारखा पुढं ढकलत होता. दुकानात काम आहे, लेव्हल कमी आहे, तुम्ही जाऊन या आधी. शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी तोच म्हणाला, "आज जातो. पडदा दाखवू का तुम्हाला?"

त्यानं फोनचा पडदा कॉलवर उघडला आणि आम्ही तिघं बघायला लागलो. घरी मुलं झोपतात म्हणून तो दुकानातच थांबला होता. मागं कुठंतरी रेडिओ चालू होता. जहाज निघालं, जळालं, तो किनाऱ्यावर लागला. मी बोलणार होतो की आधी भिंतीतलं दार. मग गप्प राहिलो. तो सरळ दाराकडेच गेला. उघडलं, एकदा पलीकडे डोकावून आला, आणि मग ड्रॅगनकडे वळला.

त्याची ताकद आमच्याहून कमी होती. त्याचे घाव छोटे पडायचे. ड्रॅगनचं आयुष्य ८०, आणि त्याला ते दोनदोन, तीनतीननं खाली आणायला लागत होतं. पण त्यानं एकदाही घाई केली नाही. स्वतःचं आयुष्य ठरावीक आकड्याखाली आलं की लॉबस्टर, पुन्हा घाव. ते सगळे लॉबस्टर त्यानं स्वतः धरलेले, स्वतः शिजवलेले. पंधरावा खाल्ला तेव्हा दुबईवाला कुजबुजला, "पुरतील का?" मी म्हणालो, "त्यानं मोजलेत." खरंच मोजले असणार, दर खेपेला २६.

माझ्या हातात काही नव्हतं. नुसतं बघायचं आणि आतल्या आत ओरडायचं. किती अवघड असतं ते. असं त्यानं दोन वर्षं केलं होतं.

चार लॉबस्टर राहिले असताना ती पडली. आम्ही तिघं एकदम ओरडलो, मँचेस्टरवाल्याच्या मागून त्याची लेक "व्हॉट हॅपन्ड?" म्हणून विचारत आली. कराडवाला काही बोलेना. पडद्यावर त्याचं पात्र त्या मेलेल्या ड्रॅगनशेजारी उभं होतं, हलत नव्हतं.

मग शटर वाजल्याचा आवाज आला. रानातल्या मोटारींना वीज बरेचदा रात्रीची असते; कुणाची तरी जळली असणार. बाहेरून एक आवाज म्हणाला, "दादा, हाय का दुकान चालू?"

"हाय हाय," तो म्हणाला. "या, ठिवा हितं. बघतो."